बिनआवाजाचं मशीन

"देवाक नारळ दिलो, मशीनीक दिलो, टेम्पोवाल्याक पण दिलो. माका मात्र कोण खोबऱ्याचो तुकडो विचारना नाय."

लवू माझ्या पाठीला पाठ लावल्यासारखा उभा राहून कुरकुरत होता. लवूचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. हळू बोलला तरी ऐकणाऱ्याच्या छातीत घुमतो. आमच्याकडे तो ओंडके वळवायच्या कामाला होता. चाळिशीचा गडी, दंडात दांडगी ताकद आणि नाकावर कायम राग.

"मेळतला तुका खोबरा," मी मागे न बघता म्हटलं. "आधी तो हार सरळ कर. वाकडो झालो."

"मशीनीक एवढो मोठो हार! घोवाक कधी घातलंस काय गो वैनी?"

"लग्नात घातलंय. तो जन्माक पुरलो."

हे सगळं चाललं होतं द्वारकाकाकी सामंतांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. वादळात काकीच्या घरापुढचा जुना फणस आडवा झाला होता. त्याच्या खोडाच्या फळ्या पाडायला आम्ही आमचं नवं कोरं फिरतं कटाई मशीन तिथे आणलं होतं. फिरतं म्हणजे टेम्पोच्या मागे जोडून न्यायचं. आमचा धंदाच तो. तुमचं झाड पडलं तर ते वखारीपर्यंत ओढत नेऊ नका, वखारच तुमच्या खळ्यात येईल.

आणि त्या दिवशी वखार इरकल नेसून आली होती. लाकूड कापायला कोणी इरकल नेसून जातं का? मी गेले. एरवी कामावर जुनं सुती लुगडं, वर ह्यांचा बाद झालेला शर्ट आणि डोक्याला फडकं, असा माझा थाट. त्या दिवशी शर्ट होता, पण तो इस्त्रीचा. केसात अबोलीचा वळेसर. लवू सकाळी मला बघून म्हणाला होता, "वैनी, फणस कापूक जातंव की फणसाच्या लग्नाक?" मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मला ते लग्नच वाटत होतं.

आमचं आधीचं मशीन आमच्या मेस्त्रींनी स्वतः बनवलेलं. मेस्त्री म्हणजे आमचे हे, विश्राम मेस्त्री. भाताच्या शेतावरच्या पंपाचं डिझेल इंजिन, कुठून तरी आणलेले लोखंडी रूळ आणि भंगारातली दोन चाकं, त्यावर करवतीचा पट्टा फिरायचा. वाडीतले लोक त्याला रेडा म्हणायचे. रेडा सुरू झाला की पलीकडच्या गावातल्या बायका म्हणायच्या, मेस्त्रीण कामावर गेली. त्या आवाजात बोलणं शक्यच नसे. हातवारे करायचे, नाहीतर शिव्या द्यायच्या. दोन्हींचा परिणाम सारखाच.

मला हे काम कोणी शिकवलं नाही. मेस्त्री पट्ट्याला धार लावण्यात तरबेज, पण ओंडका कापताना त्यांचं मन कच्चं. फळी वाकडी जाईल या भीतीनं ते हमखास वाकडी काढायचे. एकदा मी त्यांना बाजूला करून मूठ धरली ती धरलीच. आणि मी शिकले ती कानानं. पट्ट्याची धार गेली की आवाज जाड होतो. गाठ आली की तो आखडतो. आतून पोकळ असलं तर ढोल वाजल्यासारखा. आणि लोखंड लागलं, म्हणजे झाडात कधी काळी कोणी ठोकलेला खिळा-बिळा, तर पट्टा किंचाळतो. त्या क्षणी थांबलं तर पट्टा वाचतो, नाही थांबलं तर गेला. मी थांबायची. रेड्याच्या त्या सगळ्या डरकाळीतून मला ती किंचाळी वेगळी ऐकू यायची. लोक सांगायचे, "मेस्त्रिणीचो कान म्हणजे कान!" मी वरवर लाजायची आणि घरी येऊन आरशात कान बघायची. साधेच होते.

तर असा माझा कान. त्याच्यावर आमची चूल पेटायची आणि त्याच्यावरच माझा ताठा उभा होता. अख्ख्या तालुक्यात मशीनवर उभी राहणारी बाई मी एकटी.

नंतर मात्र जगाचा दर्जा घसरायला लागला. कुकरच्या शिट्ट्या धड वाजेनात. मी एक कुकर बदलला, मग दुसरा, आणि तरी डाळ करपायचीच. देवळातल्या भजनाचे टाळ पूर्वीसारखे घडवत नाहीत हे माझं ठाम मत झालं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुली तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्या. सकाळी पाखरंही कमी झाली होती, पण त्याचं खापर मी मोबाईलच्या टॉवरवर फोडलं होतं. घरात मात्र एक सुख वाढलं होतं. मेस्त्री काही बोलायचं असलं की समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागले होते. एवढी वर्षं हा माणूस धार लावता लावता पाठ करून बोलायचा. मला वाटलं, चला, उतारवयात का होईना, नवऱ्याला आपलं तोंड बघावंसं वाटायला लागलं.

अशात एका लग्नघरी कोणाच्या तरी मोबाईलवर मी ते नवं मशीन पाहिलं. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस बटण दाबतो, पट्टा आपोआप पुढे सरकतो, फळी अलगद सुटते, आणि तो माणूस बाजूला उभा राहून चहा पितो. शर्टावर भुशाचा कण नाही. विजेवर चालणारं, वाडीत वीज नसली तर सोबत एक जनरेटर, तोही पेटीत बंद, कुरकुरसुद्धा न करणारा. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्या चहा पिणाऱ्या माणसाशी माझी ओळख असल्यासारखं वाटायला लागलं.

मग मी घरात तेच चालवलं. जेवताना तेच, झोपताना तेच. मेस्त्री म्हणायचे, "रेडो काय वायट आसा? पोट भरलान आपला."

"पोट भरलान, पण जग खय गेला बघा! लोक चाय पितत मशीनीवर."

"तुका चाय व्हयी तर मी करून देतंय."

एक दिवस मात्र ते काही न सांगता कोल्हापूरला गेले, आणि परत आले ते मशीनची ऑर्डर देऊनच. रेडा विकला, बँकेचं काय ते केलं, आणि कोणतं मशीन, त्यावर काय काय बसवायचं, सगळं त्यांनीच ठरवून टाकलं. मी तो माझ्या चिकाटीचा विजय मानला. वाडीभर सांगितलं, "मी म्हटलंय म्हणान घेतल्यानी."

मशीन आलं तेव्हा त्याच्या बटणांच्या पाटीवर पातळ प्लास्टिक होतं. मी ते लवूला काढू दिलं नाही. अजूनही, इतक्या वर्षांनी, त्याचा एक कोपरा तिथे चिकटलेला आहे.

मशीनबरोबर कंपनीचा माणूस आला होता, किरण चौगुले. कोल्हापूरचा, तरतरीत, बोलताना आवाज पाव्यासारखा बारीक. त्या सकाळी काकीच्या खळ्यात पूजा मांडली तेव्हा हार घालायला मशीनला कपाळ कुठलं, हा प्रश्न आला. रेड्याला इंजिनाचं तोंड होतं. ह्याला सगळीकडून पेटीच. शेवटी बटणांची पाटी मला त्यातल्या त्यात तोंडासारखी वाटली. झेंडूचा घसघशीत हार मी तिथे चढवला. चौगुले लगबगीनं पुढे आला आणि हाराकडे बोट करून काहीतरी बोलला. मी त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो परत बोलला. मी दुसरा ठेवला. मग तो गप्प झाला.

आता द्वारकाकाकीची गोष्ट. काकी ऐंशीच्या पुढची, घरात एकटी. मुलगा अरविंद वसईला. तो वर्षभर तिच्या मागे लागला होता की घर बंद कर आणि आमच्याकडे चल. तुला आता आठवत नाही, तू गॅस चालू ठेवतेस, पुढचं दार मोडकळीला आलंय, उद्या कोण आत शिरलं तर? काकीनं त्यातलं दार तेवढं धरून ठेवलं होतं. फणस पडल्या दिवशीच ती मेस्त्रींना म्हणाली होती, "ह्या फणसाचा माका पुढचा दार करून दी. एकेक फळीचा एकेक झडप. दार घट झाला की अरविंदाचा तोंड बंद. मगे माका खयच जावचा नाय." तिला पाहिजे तेवढ्या रुंदीच्या फळ्या त्या खोडाच्या पोटातून मोजून दोनच निघणार होत्या.

आमच्या धंद्यात पहिल्या कापाआधी एक गोष्ट करावीच लागते. मशीनवर जो उभा राहणार त्यानं झाडाच्या मालकाला स्वतः विचारायचं, "झाडाक कधी काय ठोकलेला आसा?" आणि मालकानं उत्तर द्यायचं. खिळा असेल तर कुठे, कधीचा, ते सांगायचं. एकदा त्यानं सांगितलं की तो मोकळा. पुढे पट्टा तुटला तर आमचा. नाही सांगितलं आणि तुटला, तर दोष त्याचा. याला ना कागद लागतो ना साक्षीदार. गडीमाणसं मात्र आजूबाजूला उभी असतात आणि ऐकतात.

मी कमरेवर हात ठेवून, मोठ्या झोकात, विचारलं, "काकी, झाडाक कधी काय ठोकलेला आसा?"

काकी ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. मान खाली, तोंडात पान. ती बोलायला लागली आणि बराच वेळ बोलली. तिचा आवाज मुळात बारीक, त्यात पान, त्यात अडकित्ता. मी मान डोलावत राहिले. ती थांबली तेव्हा म्हटलं, "बरा, बरा."

लवूनं माझ्याकडे पाहिलं. मग ओंडक्याकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. मला वाटलं, इरकलीकडे बघतोय.

मी बटण दाबलं.

आणि काय सांगू! पहिली साल सुटली ती खरवसाची वडी सुटावी तशी. आतला फणस पिवळाधमक, हळदीच्या अंगाचा. पट्टा आपोआप पुढे जात होता. ढकलायचं नाही, रेटायचं नाही, खांद्याला कळ नाही. मी एक बोट टेकवून उभी, हळदीकुंकवाला बसल्यासारखी. आणि आवाज तर नाहीच. रेड्याजवळ दिवसभर उभं राहिलं की रात्री अंथरुणातसुद्धा अंग थरथरायचं. हे आपलं नुसतं पायाखाली गुणगुणत होतं. मी मेस्त्रींना ओरडून सांगितलं, "बघा! मुंगी चालल्यासारखा!"

मेस्त्री जनरेटरच्या अलीकडे उभे होते. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे डोळे माझ्या बोटावर होते.

दुसरी फळी सुटली. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी पदर सारखा केला. तिसरा काप घेतला तो खोडाच्या पोटातला, काकीच्या दाराच्या पहिल्या फळीचा. निम्म्यावर आलो असू. एकदम कुंपणावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. चौगुले उडी मारून पुढे आला. लवू दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागला, इतका मोठा माणूस, जत्रेतल्यासारखा.

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी पण हात हलवला.

हो, हलवला. एक बोट बटणावर आणि दुसरा हात वर, बांगड्या खाली घसरेपर्यंत. आजही लवूला मला गप्प करायचं असलं की तो काही बोलत नाही, फक्त तसा हात हलवून दाखवतो.

मग जळका वास आला. पायाखालची गुणगुण एकाएकी धडधड झाली, एक हिसका बसला, आणि पेटीच्या आत पट्टा तुटून चाबकासारखा आपटला. तो मला तळव्यांतून कळला. मेस्त्रींनी धावत जाऊन जनरेटर बंद केला तोवर सगळं होऊन गेलं होतं.

लवूनं आणि चौगुल्यानं वरचा भाग उचलला. फणसाच्या पोटात काळी पडलेली, हाताच्या अंगठ्याएवढी जाड लोखंडी कडी होती. कधी काळी झोपाळ्यासाठी ठोकलेली असावी. झाडानं ती गिळून टाकली होती. पट्टा तिच्यावर घासत घासत निम्म्यापर्यंत गेला होता. फळीला ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत चर पडला होता, आणि कडीभोवतीचं लाकूड शाई सांडल्यासारखं काळंनिळं झालं होतं. दाराची एक फळी गेली.

"मावशी," चौगुले म्हणाला. आता तो माझ्या अगदी समोर उभा होता. "अलार्म वाजत होता की ओ. थांबला का नाही?"

"कसलो अलार्म?"

"पट्ट्यावर ताण आला की वाजतोय बगा. सांगितलं होतं की मघाशी."

"खय वाजलो? मी हयच उभी होतंय. तुझा मशीन बिघडलेला आसा."

अलार्मला आणि त्याच्या दिव्याला वेगळी बॅटरी होती; त्यानं पाटीखाली हात घालून अलार्मचं बटण दाबलं. कुंपणावरच्या बायका दचकल्या. काकीच्या ओट्यावर निजलेलं मांजर उठून माडीवर पळालं. चौगुले माझ्याकडे बघत राहिला.

"वाजव ना," मी म्हटलं.

चौगुल्यानं परत बटण दाबलं.

"वायच... कमीच वाजता," लवू जमिनीकडे बघत म्हणाला.

"बघ!" मला जोर चढला. "तुमच्या कंपनीक सांग, मेस्त्रीण मशीन परत पाठयता. रेड्यार उभी ऱ्हवलेली बाई मी. माका कान शिकवू नको. काय हो, वाजलो काय?"

मेस्त्री जवळ आले. माझ्या समोर उभे राहिले, हल्ली राहायचे तसे. "बिघडलो असात," ते म्हणाले. "नव्या मशीनीचा असता तसा."

"बिघडलाय?" चौगुल्याचा आता मानभंग झाला होता. "काका, तुम्हीच तर सगळ्यात मोठा लावून घेतलाय की! कंपनीच्या अलार्मवर तुमचं समाधान न्हाई. ह्याच्यापेक्षा मोठा दे, म्हणाला. वर जास्तीचा लाल दिवा बी बसवून घेतला, तिच्या डोळ्यासमोर येईल असा बसव, म्हणाला. मी म्हटलं, एवढं कशापायी, तर तुम्ही..."

"तू गप ऱ्हव," मेस्त्री म्हणाले. आमचे मेस्त्री कोणाला असं बोलत नाहीत.

मी पाटीवरचा हार थोडा उचलला. झेंडूच्या खाली लाल दिवा लुकलुकत होता. सुपारीएवढा. उघडमीट, उघडमीट.

मी हार परत खाली सोडला.

आता मला एवढंच सांगायचंय की त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. कुकर, टाळ, पाखरं, माझं तोंड बघायला येणारा नवरा. सगळं एका रांगेत येऊन माझ्यासमोर उभं राहिलं. आणि मी काय केलं? मी दोष घालायला दुसरं कोणाचं तरी तोंड शोधलं. मशीनवरून हात काढायला लागला तर सुगंधा मेस्त्रीण म्हणजे कोण? करपलेल्या डाळीची बाई. नुसती. माजोरी म्हटलं तर चालेल, हट्टी म्हटलं तर चालेल, नवं मशीन डोक्यात गेलं म्हणाले तरी चालेल. पण ते नको.

म्हणून मी ओट्याकडे वळून, चार माणसांदेखत म्हटलं, "काकी, कडी होती तर आधी सांगूचा नाय? आमचो नवो पट्टो गेलो."

काकीनं अडकित्ता खाली ठेवला. ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. ती काय बोलली ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि लवूच्या तोंडावरही, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. मी दोन पावलं पुढे गेले तेव्हा शब्द लागले.

"सांगितलंय मगे! झोपाळ्याची कडी आसा म्हटलंय, रस्त्याच्या अंगाक, हातभर खोल. तू बरा बरा म्हटलंस."

"नाय सांगितलंस."

"लवू, सांगितलंय मा रे मी?"

लवूनं गमछ्यानं तोंड पुसलं. "माझा लक्ष नाय होता, काकी."

"विश्राम, तू तरी सांग. तू हयच होतंस."

मेस्त्री माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी जनरेटराकडे होतंय, काकी," ते म्हणाले.

हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. एकदा गिऱ्हाईकाला मापात बोटभर फळी जास्त गेली तर ती परत मागायची लाज वाटून तोटा स्वतः गिळून बसला. पण खोटं नाही. आणि आता दिवसातलं दुसरं.

काकी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. लवू, मेस्त्री, चौगुले, कुंपणावरच्या बायका. कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताव उतरला. एकदम नाही, आधी भुवया खाली आल्या, मग ओठ. ती ओट्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे मी नुसता मनात म्हटलंय काय गो?" ती म्हणाली. मी आता पायरीशी होते, तिच्या ओठांकडे बघत. "माका तर वाटता, तोंडान म्हटलंय. झोपाळो कोणी बांधलो, ता पण सांगितलंय. नाय सांगितलंय काय?"

मी पदरावरचा भुसा झटकला.

"अरविंद म्हणता ता खराच मगे. परवा दूध उतू गेला तेव्हा पण मी म्हटलंय, मी गॅस बंद केलंय. तो फोनवर म्हणालो, आये, तुका वाटता बंद केलंस. मी रागावलंय त्याका." तिनं हातातला सुपारीचा चुरा झटकला आणि रिकाम्या तळहाताकडे बघत बसली. "तुम्ही खोटा कित्याक बोलशात? चार माणसा. माझाच डोक्या गेला. विश्राम, ता दार ऱ्हवांदे बाबा. एका झडपेचा दार काय करूचा? मी त्याका सांगतंय, ये आणि ने माका."

आणि ती उठून आत निघाली. फोनकडेच निघाली होती; ओटीवरच्या खुंटीला पिशवीत तिचा फोन लटकत असायचा.

मेस्त्री पुढे झाले. "काकी, थांब. फणसाक अजून एक रुंद फळी..." असं काहीतरी. लवू म्हणाला, "काकी, माका आता वायच आठवता हा..." चौगुले त्याच्याकडे, तो माझ्याकडे. सगळ्यांना वाट सापडत होती आणि सगळे ती चुकवत होते. कारण ती माझ्या अंगावरून जात होती. इरकलीवरून.

काकी उंबऱ्यापाशी पोचली. ते मोडकं दार एका हातानं उचलून धरून उघडावं लागायचं. तिनं ते उचललं.

मी म्हटलं. पण माझ्याच्यानं मान वर होईना. पायाखालच्या पिवळ्या भुशाला सांगितल्यासारखं, खरं काय ते अगदी पुटपुटत म्हटलं. इतकं हळू की ते मलाही ऐकू आलं नसणार, आणि त्यात त्या वेळी नवल ते काय.

वर पाहिलं तर काकी दार धरून मागे वळली होती. तिचे ओठ हलले आणि तिनं एक हात कानामागे धरला. काय म्हणालंस? मोठ्यान बोल.

मेस्त्री माझ्याकडे बघून मान हलवत होते. नको, नको, मी बघतंय काय ता. लवूच्या हातातला गमछा तसाच राहिला होता. कुंपणावरच्या बायका आता दोनाच्या चार झाल्या होत्या.

मग मी रेड्यावर बोलायचे त्या आवाजात बोलले. पलीकडच्या गावापर्यंत जाईल असं.

"काकी, फोन करू नको. तू सांगितलंस. सगळ्यांनी ऐकला. माका ऐकाक येना नाय!"